माघारी आलेलं पाखरू

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तसं ऐकायला काहीच नाही हो — एका पाखराची गोष्ट. पण सरांचा विषय निघाला की मी उठून आत जाते, पाणी आणायच्या निमित्तानं.

सर म्हणजे माझे शाळेतले विज्ञानाचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर रीतसर परवानगी काढून ते लिंबागणेशजवळच्या तलावावर पाहुण्या पक्ष्यांच्या पायात कडी घालायचे. दसरा झाला की थंड मुलखातले धोबी पक्षी आपल्याकडं उतरतात, तेव्हा. पहाटे बारीक जाळी लावायची, अडकलेलं पाखरू अलगद सोडवायचं, पुन्हा कुठं सापडलं तर ओळखू यावं म्हणून नंबराचं हलकं कडं पायात घालून उडवून द्यायचं. मीही नेकनूरहून जायची. "हिचा हात लई हलका हाय," असं सर चारचौघांत सांगायचे. मी फुगायची. का नाही फुगणार?

कड्याची दोन टोकं पकडीनं दाबून समोरासमोर टेकवावी लागतात. एक टोक दुसऱ्यावर चढलं, तर कडं आवळतं. एका सकाळी एका धोब्याचं असंच चढलं — मला दिसलं. सरांनी विचारलं, "बसलं का नीट?" मी "हो" म्हणाले आणि मूठ उघडली.

इथवर चूक म्हणता येईल. पण पुढचं?

सरांना एकच आस होती. "एक तरी माघारी यावं गं. एवढे डोंगर वलांडून, आन् बराबर आपल्याच तळ्यावर." इतक्या वर्षांत एकही आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी आलं. जाळ्यापाशी मी एकटीच होते. हातात घेतलं, तर पायात कडं — टोकावर टोक चढलेलं. माझंच. पाय सुजून काळा पडला होता, कडं आत रुतलं होतं. असल्या पायानं ते कुठंकुठं जाऊन आलं असेल? सर पलीकडं बांधावर चहा ओतत होते. हाक मारली असती तर त्यांनी ते कडं काढलं असतं, आनंदानं नाचले असते. पण आधी त्यांनी तो पाय पाहिला असता — माझ्या हलक्या हाताचं काम पाहिलं असतं.

मी त्याला तसंच सोडलं. कड्यासकट.

"काय गं, हाय का कुनी?"

"न्हाई सर. रिकामंच हाय."

मग बांधावर बसून चहा प्यायले. गोड लागला — हेही लपवत नाही.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. शेवटी शेवटी अंथरुणावरून म्हणाले, "एकबी आलं न्हाई बघ. आपलं तळंच आवडलं नसंल त्यांना." तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? पायाचं राहू दे — नुसतं, आलं होतं, एवढंच.

मी त्यांची चादर सारखी केली आणि म्हणाले, "नसंल आवडलं, सर."