जुवाची डावी बाजू

भूतखेत, भानामती, अंगात येणं... असल्या गप्पा निघाल्या की पहिली टिंगल माझी. कॉलेजात फिजिक्स शिकलो, पुढे जन्मभर नोकरीही रस्त्यांची नि पुलांची केली. वजन किती, जोर कुठे, दोर कधी तुटेल — याच्यापलीकडे माझा कशावर विश्वास नाही. आजही नाही, असंच म्हणेन. फक्त एक दुपार सोडून.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं. नागपूरच्या काही हौशी मोटारवाल्यांनी नागपूर ते मुंबई रॅली काढली — तीही भर पावसाळ्यात! का, तर गाडीची खरी परीक्षा तेव्हाच होते म्हणे. हौसेला मोल नसतं. गाडी चालवायला माझा मामेभाऊ विश्वनाथ, शेजारी नकाशा धरून मी. कारंज्याला चहा घेतला तेव्हा आम्ही शेवटून दुसरे होतो. शेलूबाजार मागे पडलं तोवर शेवटचे झालो.

वाशीमकडच्या मालेगावच्या अलीकडे रस्ता एका नाल्यात उतरायचा. तिथे मागचा अॅक्सल कडाडकन तुटला, गाडी एका अंगावर कलली आणि आमची रॅली संपली. विश्वनाथला ते पटेना. जॅक लावून तो खाली शिरला. मी ओरडतोय, अरे काळी माती आहे, खाली फळी तरी घाल... पण ऐकेल तर तो विश्वनाथ कसला! जॅक रुतला, निसटला आणि गाडी त्याच्या मांडीवर बसली.

वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला असावा. बघता बघता नाल्याचं पाणी गढूळ होऊन चढायला लागलं. तो उताणा अडकलेला, पाणी कानाशी.

काठावर भाजीचा एक मळा होता. तिथे एक म्हातारा एकुलत्या एका बैलाच्या शिंगांना लाल हिंगूळ लावत बसला होता.

"बाबा, बैल आणा! माणूस मरतोय!"

म्हातारा धावत आला, गाडीखाली पाहिलं आणि जागीच थबकला. "आज पोया हाय, बाबू."

पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. आम्ही शहरातले, तारीख पाहून निघालो; तिथी कोणी पाहिलीच नव्हती.

"अन् बयल एकच हाय माह्यापाशी," तो म्हणाला. "जोडीतला चांद्या मिरगात गेला. हा पवळ्या राह्यला. मोटंचं जू तं दोघायचं हाय."

मागून त्याची बायको कडाडली, "काय पाहून राह्यले? लेकराच्या नाकात पानी जाऊन राह्यलं! पाप लागलं तं मले लागू द्या."

म्हाताऱ्याने जू आणलं. पवळ्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. मग जुवाची उजवी बाजू पवळ्याच्या खांद्यावर दिली आणि डाव्या बाजूखाली स्वतः वाकून उभा राहिला! जुवाच्या मधोमध मोटेचा जाड नाडा, त्याचं दुसरं टोक मी गाडीच्या चासीला बांधलं — ओढलं की गाडी पलीकडे कलावी असं. आणि धावत जाऊन विश्वनाथचं डोकं हातांवर धरलं.

पहिल्या ओढीला गाडी हलली नाही. म्हातारा गुडघ्यांवर आला. पाणी विश्वनाथच्या हनुवटीला लागलं. खोटं कशाला बोलू, मामीला काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागलो होतो.

म्हातारा पुन्हा उठला, जुवाखाली शिरला... आणि त्याचा चेहराच बदलला.

"बाबू... माह्या खांद्यावर वजनच नाही."

तो वाकून जुवाखालून बाहेर आला. जू पडलं नाही. डावी बाजू तशीच अधांतरी, उजव्या बाजूच्या अगदी बरोबरीने. पवळ्याने मान खाली घातली आणि जोडीत चालावं तसा संथ, सरळ चालू लागला. नाडा ताणला. गाडी करकरत कलली आणि मी विश्वनाथला ओढून काढलं.

दोर मधोमध आणि बैल एकाच टोकाला, म्हणजे दुसरं टोक झटक्यात मागे फिरलं पाहिजे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा पोरगाही हे सांगेल. ते फिरलं नाही. भर दुपारी, तिघांच्या डोळ्यांदेखत. नंतर मी चिखलात वाकून पाहिलं. खुरं पवळ्याचीच होती, दुसरी कोणाची नव्हती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, पण भीती नाही वाटली. खूप मोठं काहीतरी जवळ उभं आहे, एवढंच वाटलं.

म्हातारी तोंडावर पदर धरून रडत होती. "काल सांजच्याले पवळ्याचे खांदे शेकाले बसली," ती म्हणाली, "अन् सवयीनं दोघायलेबी आवतन देऊन बसली. चांद्या-पवळ्या, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या... हे माह्यावर चिडले. मेल्या बयलाले कोनी आवतन देते काय, म्हने."

म्हातारा पुढे झाला. त्याने पवळ्याचं जू उतरवलं आणि त्याच्या डाव्या अंगाला, रिकाम्या जागेसमोर उकिडवा बसला.

"पवळ्याची मापी म्या आंधीच मागतली होती," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "तुही मापी राह्यली रे बाप्पा." आणि त्याने मातीला डोकं टेकलं.

गावातल्या माणसांनी विश्वनाथला बाजेवर घालून मालेगावला नेलं. पाय जन्मभर लंगडा राहिला, माणूस राहिला. गाडी पुरात गेली. त्या जुवाचं गणित मी नोकरीत असताना कितीदा मांडलं असेल, सुटलं नाही. आता सुटेल असंही वाटत नाही. पण बाज उचलली तेव्हा त्या रिकाम्या जागेकडे वळून मीही हात जोडले होते, एवढं मात्र खरं.