हातानं काय येतं?

नाशकात नोकरीसाठी नाव नोंदवायच्या सरकारी कचेरीत खिडकीमागे एक कारकून बसायचे. ते प्रत्येकाला एकच विचारायचे, "हातानं काय येतं?"

"बी.ए. झालोय."

"ते डोक्यानं. हातानं?"

सातपूरचे कारखाने टर्नर-फिटर मागत होते आणि रांगेत आम्ही सगळे इतिहासवाले नाहीतर मराठीवाले. दर खेपेला खाली मान घालून परतायचो. मला त्या माणसाचा रागच यायचा.

एकदा कार्ड रिन्यू करायला गेलो, तर माझ्यापुढे रांगेत तेच उभे. हातात स्वतःचं कार्ड: संस्कृत एम.ए., प्राध्यापकाची नोकरी हवी.

"तुम्ही रांगेत कशाला?"

"नियम आहे."

त्यांचा नंबर आला तेव्हा खिडकीत अर्थातच कोणी नव्हतं. मागून सटाण्याकडचा एक जण वैतागला, "लय येळ झाला, सायेब कुठं गेला?"

"तो माणूस असाच आहे," ते शांतपणे म्हणाले. "जागेवर कधी सापडायचा नाही."

मग वळसा घालून आत गेले, खुर्चीत बसले आणि आपलं कार्ड पुढ्यात ओढलं. मला राहवलं नाही. खिडकीतून विचारलं, "हातानं काय येतं?"

त्यांनी शिक्का शाईवर दाबला, कार्डावर नीट सरळ उमटवला.

"एवढंच," म्हणाले. "पुढचा."