एका कागदावरचं जेवण

अण्णांना कवळी बसली आणि घरातल्या जेवणाचे दोन तुकडे झाले. पहिल्यात सगळे, दुसऱ्यात एकटे अण्णा.

पहिला तुकडा झटपट उरकायचा. मुलगा एका हाताने फोन कानाशी धरून जेवायचा. "हो सर. नाही सर. बघतो सर." तोंडात घास असला की नुसतं "म्म सर." सून शेवटचे घास उभ्यानेच घ्यायची आणि स्वतःलाच बजावल्यासारखं म्हणायची, "चला, झालं माझं!" कानात बोंडं घातलेली नात गाण्याच्या ठेक्यावर चावायची. गाणं संपलं की जेवणही संपलं. मग खुर्च्यांचा खर्रर्र, ताटांचा खणखणाट, आणि टेबलावर ग्लासांचे ओले गोल. त्या गोलांच्या पलीकडे अण्णा भाजीचा एकच तुकडा या गालातून त्या गालात फिरवत बसलेले.

अण्णांची उभी हयात शिवणकामात गेली होती. दुकानात कापड बेतायचं लांबलचक टेबल होतं, आणि दुपारी त्याच टेबलावर जेवण. नमुने काढायचा खाकी कागद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंथरायचा आणि त्या एकाच कागदावर सगळ्यांचे डबे. बाजूला गिऱ्हाइकांच्या कापडांची चळत. कोणी मध्येच उठलं की कागद हलणार, कोणाचा तरी डबा कलंडणार आणि कोणाच्या तरी लग्नाच्या सुटावर रस्सा सांडणार. म्हणून नियम एकच होता, शेवटच्याचा शेवटचा घास उतरेपर्यंत कोणी उठायचं नाही. दुकानाचे मालक असलेल्या शिंपी मास्तरांच्या तोंडात कायम टाचण्या. जेवताना तेवढ्या काढायचे, पण दाताआड बोलायची सवय काही जायची नाही. कोणी जरा चुळबुळला की आवाज यायचा, "ऊंऊं! खागद हलेल!" मग चारी कोपरे चौघांनी धरून कागदाची घडी घालायची आणि पुन्हा मशिनी सुरू.

अण्णांनी हा नियम जसाच्या तसा घरी आणला. घरी ना खाकी कागद, ना कोणाचा सूट, पण पोरगा खुर्चीतून घसरायला लागला की अण्णा म्हणायचे, "बस. कागद हलेल." बायको सगळ्यांना वाढून मग बसायची, त्यामुळे शेवटी तीच उरायची. पोरगा पाय हलवत कुरकुरायचा.

"आई, गिळ ना लवकर!"

"गिळते रे बाबा. मी काय अजगर आहे?"

तेव्हा अण्णांना वाटायचं, आपण पोराला वळण लावतोय. बायको गेली, तोंडात कवळी आली, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की तिच्यासमोर रिकामी खुर्ची कधी आलीच नव्हती.

मग त्यांनी एक युक्ती काढली. ताटात कमीच घ्यायचं, म्हणजे सगळ्यांबरोबर आपलंही संपतं. चमचाभर भात, भाजीला नुसता हात लावल्यासारखं. "बस, पोट भरलं," म्हणत तेही सगळ्यांबरोबर खुर्ची मागे ढकलायचे. खर्ररच्या त्या आवाजात आपलाही खर्रर मिसळला की त्यांना बरं वाटायचं. पोटात कावळे ओरडत असायचे, पण ते एकट्यालाच ऐकू यायचे.

सदरे ढिले पडायला लागले तशी सून घाबरली. डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "काय आजोबा! भूक लागते का?"

"लागते की."

"लागते म्हणतात," डॉक्टरांनी सुनेला सांगितलं, जणू अण्णा परक्या भाषेत बोलले होते. तपासण्यांत काहीच निघालं नाही. "वयच झालंय. मऊ द्या, लवकर द्या, शांतपणे जेवू द्या."

त्या दिवसापासून अण्णांचं ताट संध्याकाळीच त्यांच्या खोलीत यायला लागलं. भात मऊ, भाजी घोटलेली, वर झाकण. सुनेच्या मायेत कसूर नव्हती. "अगदी सावकाश होऊ द्या, अण्णा. आमचा गोंधळच नको तुम्हाला."

गोंधळच तर हवा होता. पण ज्याने जन्मभर दुसऱ्यांना "बस" म्हणून बसवलं, त्याच्या तोंडून "बसता का जरा?" निघेना.

खोलीत समोर कपाटाचा आरसा. त्यात एक म्हातारा जेवायचा. पहिले काही दिवस तो नीट बसायचा. मग वाटी तोंडाला लावायला लागला. हनुवटीवरचा भात तसाच राहू लागला. एकदा सदऱ्यावर ओघळ वाळलेला दिसला आणि अण्णा चरकले. दुसऱ्याच्या कपड्यावर थेंब पडू नये म्हणून सारा जन्म जपलेला माणूस! पुसायचं कोणासाठी, हेच त्यांना आठवेनासं झालं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी ताटावरचं झाकण त्यांनी काढलंच नाही. सगळ्यांची जेवायची वेळ झाली तसा त्यांनी दुकान सुटताना आठवण म्हणून आणलेला खाकी कागदाचा गुंडाळा पलंगाखालून ओढला, एका काखेत तो, हातात ताट, असे बाहेर आले. टेबलावर कागद अंथरला. सगळ्यांची ताटं त्यावर मांडली.

"आजोबा, हे काय नवीन?" नातीने एका कानातलं बोंड काढलं.

"जुनंच आहे."

जेवणं सुरू झाली. "हो सर. म्म सर." सून उठली, भांड्यांकडे गेली. नात उठली. मुलगा फोन ठेवून उठायला लागला, तसा त्याच्या कोपराखाली कागद सर्रकन सरकला आणि अण्णांचा ग्लास डुगडुगला. मुलाने तो झटकन धरला. क्षणभर ग्लासाकडे पाहिलं, मग अण्णांच्या ताटाकडे. ताट अर्धंही संपलं नव्हतं.

"कागद हलतोय, अण्णा," तो म्हणाला आणि परत खाली बसला.

अण्णांनी आणखी थोडा भात वाढून घेतला. मुलाचा फोन थरथरला, त्याने तो पालथा घातला. टेबलाखाली मुलाचे पाय हलायला लागले, लहानपणी हलायचे तसेच. उद्या तो बसेल की नाही, कोणास ठाऊक.

अण्णांनी हनुवटी पुसली आणि ताटात उरलेल्या एका घासाचे दोन केले.