कुंपणातले फुगे

मी ग्लासगोला निघालो त्या दुपारी गाडी दारात उभी होती आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, बोअरच्या नळाला बाटली लावून बसले होते. "विमानात पाणी मिळतं, अण्णा," मी म्हणालो. "मिळत आसंल. पर ते आपलं हाय का?" विमानतळावर बाटली टाकून द्यायला सांगितली, तेव्हा हात होईना. रांगेतून बाजूला होऊन ते मचूळ पाणी मी उभ्या उभ्या संपवलं.

गावाकडच्या मंडळींनो, त्या पाण्याचं मोल तुम्हाला काय सांगायचं! हिवरे बाजारचं बघून आपल्याही गावानं डोंगरावर चर खणले, तेव्हा अण्णा रोज फावडं घेऊन सगळ्यांच्या पुढे असायचे. पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. पण उन्हाळ्यातही आहे. इकडचं पाणी एकदम मऊ. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना माहीत असेल, नव्या गावात आधी चहाच बिघडतो. मी कितीतरी दिवस उगाच चहापत्तीला शिव्या घातल्या.

याच मऊ पाण्यात माझी लेक इरा साबणाचे फुगे करायला शिकली. भांड्यांचा पातळ साबण, थोडी साखर, थोडं ग्लिसरीन, आणि सगळं मुरवत ठेवायचं. इथल्या दमट हवेत तिचे फुगे शेजारच्यांच्या छपरापलीकडे जातात. व्हिडिओ कॉलवर तिनं आजोबांना शब्द दिला होता, "तुमच्या गावात आले ना, की तुमच्या डोक्याएवढा फुगा करीन." तेव्हापासून अण्णा दर रविवारी विचारत, "कवा येती फुगेवाली?"

गेल्या एप्रिलच्या सुट्टीत आम्ही गेलो. इरा गावाला पहिल्यांदाच येत होती आणि मला एकच धाकधूक होती, हे घर तिला आपलं वाटेल का? नाही वाटलं तर पुढे मी एकटाच येत राहणार, आणि कधीतरी तेही थांबणार.

पहिल्याच सकाळी तिनं अंगणात बादली मांडली. भावकीतली पोरं गोळा झाली. पातळ साबण मी आणायचाच विसरलो होतो, म्हणून अंगाचा साबण किसून टाकला. पाण्यावर नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या आल्या. फुगा तारेच्या कडीवर धरायचा आणि कोरड्या वाऱ्यानं तिथंच फुटायचा. पोरं हसायला लागली. इरा रडवेली होऊन अण्णांना म्हणाली, "तुमचं पाणी खराब आहे!"

अण्णा उठले. टोपी घातली आणि कुंपणाकडे गेले.

कुंपणाला मोगली एरंड आहे. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत म्हणून लावलेला, मोरीच्या पाण्यावर एप्रिलातही हिरवागार. त्याचा चीक गवताच्या फासात धरून फुंकला की फुगा होतो. लहानपणी आम्ही त्यासाठी डहाळ्या मोडायचो आणि अण्णा काठी घेऊन मागे लागायचे, "कुंपान मोडता व्हय रं! शेरडं काय तुमचा बाप हाकलनार?" त्याच अण्णांनी त्या दिवशी नातीसाठी अख्खी फांदी मोडली.

"हळू फुक. तोंडाला लावायचं न्हाई, इषारी आसतंय."

इरानं फुंकलं. बोराएवढा, रंगीत फुगा निघाला आणि गोठ्याच्या सावलीत जाऊन फुटला.

"डोक्याएवढा नाही झाला," ती म्हणाली.

"झाला की. माझं डोस्कं एवढंच हाय."

ती खदखदून हसली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आम्ही निघेपर्यंत कुंपणाला भलं मोठं खिंडार पडलं होतं. त्यातून एक शेळी शिरून मेथी खाऊन गेली, तर अण्णा पोरांना सोडून शेळीवरच ओरडले.

चिकाचे डाग इराच्या फ्रॉकवरून अजून गेलेले नाहीत, इथल्या मऊ पाण्यानंसुद्धा. परवा तोच फ्रॉक घालून ती मागच्या अंगणात मिश्रण ढवळत होती. शेजारच्या मुलीला इंग्रजीत सांगत होती, "आमच्या गावात फुग्यांना पाणी लागतच नाही. आजोबा कुंपण मोडून देतात."

मी चहाचा कप घेऊन दारात उभा होतो. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी इतकी वर्षं अडखळायचो. आता नाही अडखळणार.

अण्णा, ते खिंडार एवढ्यात बुजवू नका. दिवाळीत आम्ही येतोय.