भांडणाच्या गाडीचं गास्केट

आमचे अप्पा दर आठवड्याला भांडायला जायचे. तलवाड्याहून गेवराईला, स्वतःच्या मोटारसायकलवर, सख्ख्या थोरल्या बहिणीकडं. भांडणाला विषय लागायचाच असं नाही. आजोबांचं तांब्याचं घंगाळ कुणाच्या घरी गेलं इथून सुरुवात व्हायची, आणि आत्याचा चहा पाणचट की अप्पांचीच जीभ मेलेली, इथं गाडी यायची. मग अप्पा टोपी डोक्यावर आपटून उठायचे, अर्धा कप चहा तसाच टाकायचे, अंगणात जाऊन किक मारायचे आणि निघून यायचे. पुढच्या आठवड्याला पुन्हा हजर.

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, हे अजिबात पटत नव्हतं. हल्ली आमचं किराणा दुकान तोच बघतो, आणि अप्पांनाही दुकानातल्या मालासारखं जपून ठेवावं असं त्याला वाटतं. त्याचंही चूक नव्हतं म्हणा. अप्पांची पंच्याहत्तरी उलटलेली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तेही यथातथाच. दुसऱ्याचं "बघू उन्हाळा झाल्यावर" म्हणता म्हणता चार उन्हाळे गेले. गेल्या हंगामात त्यांनी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीत गाडी घातली. ड्रायव्हर बिचारा खाली बसून भाकरी खात होता. अप्पा पडल्या जागेवरून त्यालाच ओरडले, "दिसत न्हाई का बे तुला?"

दादा म्हणाला, "अप्पा, मी कारनं सोडत जातो की दर आठवड्याला."

"दुसऱ्याच्या गाडीत बसून भांडाया जाता येतं व्हय?" अप्पा म्हणाले. "भांडान तापलं की तिथल्या तिथं उठून निगता आलं पायजे. तू म्हणशील, अप्पा, पाच मिनिटं थांबा, चहा घेतो. राग काय पाच मिनिटं थांबतो?"

मला हे एकदम पटलं. माझ्या सासरची किती भांडणं नवऱ्याच्या खिशातल्या गाडीच्या चावीपायी थंड झाली, ते माझं मला माहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी बीडहून माहेरी आले तर गाडी दुकानामागच्या पडवीत उभी. किक मारली की इंजिनाच्या डोक्याखालून फुसफुस आवाज, बाहेर तेलाचा ओघळ आणि चढावर अजिबात जीव नाही. हेड गास्केट गेलं होतं. ज्यांनी कधी इंजिन उघडं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कुकरच्या झाकणात जसं रबर असतं तसं इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधे हे पातळ गास्केट असतं. ते जळालं की सगळा दम तिथूनच निघून जातो. तीन आठवडे झाले, अप्पा गेवराईला गेले नव्हते. दिवसभर ते वहिनीवर, माझ्यावर, दुकानातल्या मांजरावर खेकसत होते, पण त्यात त्यांचं मन नव्हतं.

शेवटी बाप-लेकात करार झाला. नवं गास्केट टाकायचं. गाडी चालली तर दादानं पुन्हा तोंड उघडायचं नाही. नाही चालली तर अप्पांनी स्वतःच्या हातानं ती भंगारवाल्याला द्यायची. अप्पांनी कपाळाच्या भस्माला हात लावून शब्द दिला, म्हणजे विषय संपला.

गास्केट आणायला मी. लहानपणी अप्पांची गाडी खोलली की पाने हातात द्यायला मीच बसायचे. दादा तेलाच्या वासानं पळून जायचा. सोळाव्या वर्षी पडीक रानात मला गाडी चालवायलाही अप्पांनीच शिकवलं होतं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तूच जा. ह्याला पाठवलं तर ह्यो मुद्दाम वंगाळ आणील." पाव तासानं दादानं मला तांदळाच्या पोत्यांमागं गाठलं आणि म्हणाला, "तू मुद्दाम चुकीचंच आण. एकदा पडलेत. दुसऱ्यांदा पडले तर उचलून आणायची ताकद माझ्यात न्हाई." त्याचे डोळे भरून आलते. मी दोघांनाही हो म्हणाले. मास्तरीण असून इतकी बिनकण्याची मी त्या दिवशीच झाले.

आमच्याकडं नमुन्याशिवाय खरेदी होत नाही. नळाचा वायसर असो, ब्लाउजचं अस्तर असो, जुनं खिशात घेऊनच दुकानात जायचं. दादाच्या लग्नात अप्पा त्याची जुनी चप्पल पिशवीत घालून बूट आणायला गेलते. तसं जळकं गास्केट रुमालात बांधून माझ्या पर्समधे आलं, आणि ती पर्स अजून ऑइलचा वास मारते.

बीडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी काउंटरला उभी राहिले तर दुकानदार वर न बघताच म्हणाला, "ताई, पार्लरचं सामान वरच्या मजल्यावर."

"मला जुन्या शंभर सीसीचं हेड गास्केट पाहिजे," मी म्हणाले. "दोनदा बोर केलेली गाडी आहे, शेवटच्या साइजचा पिस्टन आहे. वर मिळतं का?"

आता त्यानं वर बघितलं. मग त्यानं स्टूल पुसून दिलं आणि काउंटरवर गास्केटं मांडली. तेवढ्यात ट्रॅक्टरचा फिल्टर घ्यायला आलेले एक पांढऱ्या टोपीवाले मधे पडले. "तांब्याचं घ्या बाई. लालबुंद तापवून पाण्यात बुडवलं की पुन्ना नवं. जन्माचं काम." त्यांच्या शेजारचा म्हणाला, "कावून सांगताव बाईला कायबी? तांबं जरा हललं की तेल गळतंय. आमच्या गाडीखाली चिखल झालता." दोघांची चांगलीच जुंपली, आणि गास्केट मला घ्यायचंय हे दोघेही विसरले.

मी रुमाल सोडून नमुना एकेकावर ठेवून बघितला. तांब्याचं पातळ होतं. पातळ टाकलं की डोकं खाली बसतं, आत दाब वाढतो आणि म्हातारं इंजिन कुरकुरतं. फायबरचं, आतून लोखंडी कडी असलेलं, जाडीला बरोबर जुळलं. पण त्यातही दोन. एक मूळ मापाचं, एक वाढवलेल्या बोरचं, म्हणजे पिस्टनची नळी घासून मोठी केलेल्या इंजिनाचं. लांबून बघाल तर जुळे भाऊ. फरक फक्त मधल्या भोकात, नखाच्या कडेएवढा. अप्पांच्या गाडीला मूळ मापाचं लावलं तर त्याचा काठ आत डोकावणार, तापून लाल होणार, आणि चार दिवसांत खेळ खलास. दादाला हवं होतं ते हेच.

मी दोन्ही बांधून घेतली. दुकानदारानं विचारलं, "दोन गाड्या हायत का?"

"नाही," मी म्हणाले, "दोन माणसं हायत."

घरी आले तर अप्पांनी हेड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून आरशासारखं सपाट केलेलं. पडवीत पोतं अंथरून ते माझी वाट बघत बसलेले. दादा दारात उभा, हाताची घडी घालून, माझ्याकडं रोखून बघत. मी पर्समधे हात घातला. ट्रॉली आठवली, अप्पांचा सोललेला गुडघा आठवला, आणि मी चुकीचं गास्केट काढून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते बघितलंच नाही. काठावरून अंगठा फिरवला, एकदा बाहेरून, एकदा आतून. "बराबर हाय," म्हणाले. मग ते बसवायला गेले तर बोल्टाच्या दोन बोटं बाजूला. चाचपत चाचपत त्यांनी बोल्ट शोधला. तेव्हा मला कळलं की अप्पांना जवळचंसुद्धा दिसत नाही, आणि मी जे हातात दिलं ते त्यांनी डोळे झाकून घेतलं. चोरी केल्यासारखं वाटलं मला. चोरी कसली, त्याहून वाईट.

"थांबा अप्पा," मी दुसरं गास्केट काढलं. "हे घ्या. ते दुकानदारानं चुकून दिलं."

दादानं कपाळावर हात मारला.

अप्पांनी हातातलं गास्केट शांतपणे खाली ठेवलं. "दुकानदारानं व्हय? आगं, डोळ्याला दिसत न्हाई, बोटाला दिसतं की. केसभर काठ आत येतोय, हातात घेतल्याबराबर कळलं. म्हणलं बगावं, पोरगी कवर गप बसती."

मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्यावरच ओरडले. "आणि मी गपच बसले असते तर?"

"तर बसवलं आसतं तेच," अप्पा म्हणाले. "तू आणलंय म्हणल्यावर."

मी पाना उचलला. समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत गेले, ते सांगतील तसं, पूर्वीसारखं. मग हेडलाइटला भस्माची तीन बोटं ओढून झाली. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली, आणि फुसफुस नाही, ओघळ नाही. करारामुळं दादाला बोलता येईना, नुसता लाल झाला बिचारा. म्हणून मीच म्हणाले, "पण अप्पा, तुमाला दिसत नाही! तुमी चालवणार कशी?"

"करार गाडी चालायचा झालाय," अप्पांनी चावी माझ्या हातावर ठेवली. "कोण चालवनार, ते कुटं ठरलंय?"

तर पंजाबी ड्रेस, ओढणीची गाठ आणि दादाचं मोठं हेल्मेट अशा थाटात मी, वय वर्षे अठ्ठेचाळीस, अप्पांना मागं बसवून गेवराईला निघाले. मागून सूचना चालूच. गाडी दणकन आदळली की ते सांगायचे, "खड्डा हाय."

"कळलं अप्पा."

आत्या दारातच बसलेली. "आलास? म्हणलं मेलास का काय," ती म्हणाली, आणि अप्पा तीन आठवड्यांत पहिल्यांदा खुलले. घंगाळ निघालं. चहा निघाला. "पोरीच्या मागं बसून आलाय लई मोठा भांडनारा!" आत्या म्हणाली, तशी अप्पांनी टोपी आपटली. "चल गं, काड गाडी!" माझ्या चहाचा एकच घोट झालता, पण मी तशीच उठले. पहिल्याच किकला गाडी चालू झाली. अप्पा मागं ताठ बसले, तोंड फिरवून.

तेवढ्यात माझं विसरलेलं हेल्मेट घेऊन आत्या काठी टेकत बाहेर आली. ते माझ्या हातात देताना ती वाकली आणि इंजिनाच्या आवाजात अप्पांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "गाडी नीट ठेव गं बाई. तीन आठवडे झाले, कुनी भांडायाच आलं न्हाई."