नाव घ्या, मग खिचडी

पाथर्डीकडच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना सही करताना घाम फुटतो. पण शाळा कशी चालवावी, याबद्दल त्यांना कधीच शंका नसते. बोलतात ठासून, आणि बोलणं संपलं की पातेल्यावर झाकण आपटतात.

त्यांचा एक नियम आहे. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलं पोर परत आलं, की पहिल्या दिवशी खिचडी तेच वाढणार. आणि वाढणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय कुणाच्या ताटात शीतसुद्धा पडणार नाही.

यंदा माझ्या चौथीत अशीच एक मुलगी परतली, माझ्यासाठी नवीच. सकाळी मी नाव विचारलं, तर ती पुटपुटली. "मोठ्यानं बोल," म्हणत मी ते कसंबसं लिहून घेतलं. मग ती मागच्या ओळीत जाऊन बसली.

दुपारी ऑनलाइन माहिती भरण्यात मला उशीर झाला. ताट घेऊन पोचलो, तर पोरं जेवत होती आणि ती पळी धरून उभी.

"गुर्जी, नाव?" मावशींनी विचारलं.

काही केल्या आठवेना. सगळी पंगत हसायला लागली.

"पोरगी तुमच्या वर्गातली हाय. पहिलीच्या पोरांना बी येतंय आता तिचं नाव!" मावशींनी झाकण आपटलं.

तेवढ्यात ती मुलगीच बोलली, "सोनाली, गुर्जी. आता तुमी म्हना."

मी म्हणालो.

"मोठ्यानं," ती म्हणाली, आणि हसत तिनं झाकण काढलं.