बिनफोडणीचे अकरा दिवस

आष्टीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून मला दुसरं वर्ष होतं. त्या वर्षी फेब्रुवारीत सहावीच्या वर्गातली पोरं एकेक करून गैरहजर राहू लागली. कांजिण्यांची साथ होती. आयांचे निरोप यायचे, "सर, घरात देवी आल्यात, पोरगी येणार न्हाई." मी मग फळ्यावर विषाणूचं चित्र काढून ठासून सांगायचो की देवी-बिवी काही नसते, हा हवेतून पसरणारा आजार आहे. पंधरा दिवसांनी आरशात पाहिलं तर माझ्याच कपाळावर तीन फोड होते. सत्तावीस वर्षांच्या माणसाला ही लहान पोरांची व्याधी झाली, याची मला आधी लाजच वाटली.

मी तेव्हा गावातल्या एका मुसलमान कुटुंबाच्या अंगणातल्या खोलीत भाड्यानं राहायचो. घरमालकीण साठीची होती, तिला मी खाला म्हणायचो. तिच्या नवऱ्याचं शिलाईचं दुकान होतं. मी आरोग्य केंद्रातून गोळ्या आणि अंगाला लावायचं औषध घेऊन परतलो, तर खाला दारातच उभी. माझा चेहरा बघून ती मागं सरली नाही. जवळ येऊन नीट निरखून म्हणाली, "मास्टर, ये तो माता है. अंदर जाओ. अब बाहर नक्को निकलना."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं: बाहेर पडू नका, ज्यांना हा आजार होऊन गेला नाही त्यांना जवळ येऊ देऊ नका. खालाला लहानपणी होऊन गेला होता. तासाभरात तिनं माझ्या दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधल्या, नातवंडांना खोलीकडे फिरकायचं नाही असं बजावलं आणि मला नियम सांगितले. अंगणात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. घरात मटण शिजणार नाही. तेल कढणार नाही, बघार लागणार नाही. फोडणीचा चर्र आवाज झाला की फोडांची आग होते. आणि घरातल्या कुणी कुणावर राग धरायचा नाही, मातेला ते सोसत नाही.

आमच्या धावड्याच्या बौद्धवाड्यात माझी आजी हेच नियम सांगायची. हिंदूंच्या आळीतही हेच. देव वेगळे, नमाज वेगळी, वंदना वेगळी, आणि अंगावर फोड आले की सगळ्यांच्या घरी एकच कायदा. हे मला तापात पडल्या पडल्या फार गमतीचं वाटलं होतं.

अडचण दुसऱ्या दिवशी आली. अंगणाच्या मधोमध एक भिंत होती आणि पलीकडे खालाचा धाकटा दीर राहायचा. दोघे भाऊ रोज दुकानावर एकत्र चहा प्यायचे. पण त्यांच्या बायका, म्हणजे खाला आणि तिची धाकटी जाऊ, तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कुठल्याशा लग्नात कुणाला आधी वाढलं आणि कुणाला मागून, यावरून काहीतरी झालं होतं. नेमकं काय, हे दोघींच्या नवऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. तर अकराच्या सुमाराला भिंतीपलीकडून मोहरी तडतडल्याचा आवाज आला आणि लसणाचा खमंग वास थेट माझ्या खोलीत शिरला.

खाला धावत दाराशी आली. "मास्टर, तकलीफ हुई क्या?"

मला काहीच झालं नव्हतं. उलट कालपासून फिकट वरण-भात खाऊन कंटाळलेल्या माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. फोडणीचा आणि फोडांचा काही संबंध नाही, हे मी मुलांना शिकवत आलो होतो. पण खालाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंडून निघालं, "हां खाला, थोडी जळजळ झाली."

का म्हणालो, मला तेव्हा कळलं नाही. तिनं माझ्यासाठी एवढं मांडलं होतं, ते मोडावंसं वाटेना, एवढंच.

खाला भिंतीपाशी गेली. थोडा वेळ तशीच उभी राहिली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी तिनं कपडे धुवायचा दगड भिंतीला लावला, त्यावर चढली आणि कुणाचं नाव न घेता आभाळाकडे बघून बोलल्यासारखं म्हणाली, "मास्टर को माता निकली है. बघार नक्को लगाना."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग एका बाईचा आवाज आला, "कबसे?"

"कल से."

एवढंच. पण संध्याकाळी भिंतीवरून झाकलेली वाटी अलीकडे आली. मुगाची मऊ खिचडी होती, बिनफोडणीची. खालानं ती घेतली, मला आणून दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नमक कम डाली. हमेशा कम डालती." ती वाटी तिनं स्वतः घासली आणि दुसऱ्या दिवशी त्यात साखर घालून परत केली. रिकामं भांडं परत करायचं नसतं, हा नियम मातेचा नव्हे, साध्या शेजाराचा.

तिसऱ्या दिवशी माझी आई आली. भोकरदन, जालना, परतूर अशा गाड्या बदलत, पिशवीत घरचा कडुलिंबाचा पाला घेऊन. आष्टीत कडुलिंब मिळत नसेल असं तिला कसं वाटलं कोण जाणे. आईलाही लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या. ती आल्यावर पलीकडची धाकटी जाऊही भिंतीला वळसा घालून आमच्या दारात आली. एकट्या पुरुषाच्या खोलीत येणं तिला बरं दिसलं नसतं, पण आता आई होती. तिलाही लहानपणीच होऊन गेलेलं. अख्ख्या अंगणात माझ्याजवळ येऊ शकतील अशा या तिघीच होत्या, आणि डॉक्टरांच्या हिशोबानंही ते बराबर होतं.

मी खाटेवर पडलेलो आणि या तिघी उंबऱ्यापाशी बसून भाजी निवडायच्या. पहिल्या दिवशी दोघी जावा फक्त आईशी बोलायच्या. दुसऱ्या दिवशी आईच्या मार्फत एकमेकींशी. तिसऱ्या दिवशी आई मुद्दाम उठून बाहेर गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं. घरात माता, मोठ्यानं बोलायचं नाही, राग धरायचा नाही. मग दोघींना हळू आवाजात, शांतपणे बोलण्याशिवाय काही उरलंच नाही. आधी वांग्याच्या भावाबद्दल बोलल्या. मग एकीच्या मुलीच्या बाळंतपणाबद्दल. त्यानंतर बराच वेळ कुजबुज चालली आणि मध्येच एक जण रडली. कोण, ते मी डोळे उघडून पाहिलं नाही.

रात्री जेवताना आईनं विचारलं, "खरंच तुला फोडणीनं काही होतं का रे?"

"न्हाई."

"मला वाटलंच. खालाला मात्र होतं म्हणून सांगितलंस."

"सांगू का त्यांना?"

"गप राहा," आई म्हणाली. "अजून पाच-सहा दिवस फोडणी न्हाई खाल्ली तर मरत न्हाईस."

नवव्या-दहाव्या दिवशी खपल्या धरल्या. अकराव्या दिवशी सकाळी कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ ठरली. तिघींनी अंगणात मोठं पातेलं चढवलं. दारावरचा सुकलेला पाला, माझ्या अंथरुणातला पाला सगळा एका टोपलीत गोळा झाला. धाकटी जाऊ म्हणाली, "ये तिराहे पे डाल देना. जो पाँव रखेगा, उसके साथ चली जाएगी."

तिठ्यावर टाकायचं, म्हणजे जो ओलांडेल त्याच्याबरोबर दुखणं जाईल. आमच्याकडेही असंच करतात. पण आईनं टोपली स्वतःकडे ओढून घेतली.

"न्हाई," ती म्हणाली. "कुणाच्या पायाखाली न्हाई टाकायचं."

आई खाली बसली आणि दोघींना सांगू लागली. तिच्या सासऱ्याच्या वडिलांच्या काळात गावात पटकी आली की मरीआईचा गाडा काढायचे. तो गाडा ओढायचं काम आमच्याच लोकांकडे असायचं. शिवेपर्यंत न्यायचा आणि दुसऱ्या गावच्या हद्दीत सोडून यायचं. ते गाव पुन्हा तिसऱ्या गावाकडे ढकलायचं. "सासरा म्हणायचा, आमच्या बापानं दुसऱ्याच्या लेकरांवर मरण ढकललं, अन् ते बी भाकरीच्या तुकड्यासाठी. दीक्षा घेतली तवा पहिलं ते काम सोडलं. मी लिंब बांधते, लिंब गार असतो, त्याला काय देव लागत न्हाई. हळू बोलायचं म्हटलं तर हळू बोलते. पण हे न्हाई करायची."

हे मी आईच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. वर्गात मी सगळं एका झटक्यात पुसून टाकायचो. आईनं मात्र एकेक नियम हातात घेऊन पाहिला होता. माणसाला माणसाजवळ आणणारा ठेवला होता आणि दुसऱ्याच्या दारात दुखणं टाकणारा फेकून दिला होता. तिला लिहिता-वाचता जेमतेम येतं.

खाला उठली. आत जाऊन खुरपं घेऊन आली. अंगणाच्या कोपऱ्यात, भिंतीच्या शेवटाला खड्डा खणायला लागली. धाकटी जाऊ म्हणाली, "भाभी, छोडो, कमर दुखेगी," आणि तिच्या हातातून खुरपं घेतलं. सगळा पाला तिथं पुरला.

आंघोळ झाली. अंगातून ताजा, कडवट वास येत होता आणि अकरा दिवसांनी ऊन अंगावर घेताना मला उगाचच हसू येत होतं. दुपारी अंगणातल्या नातवंडांना पंगतीला बसवलं. खालानं वांगी केली, जावेनं डाळ, आईनं धपाटे. खालानं तेल तापवून त्यात मोहरी टाकली, तेव्हा सगळे एकदम गप्प होऊन ऐकत राहिले आणि मग सगळेच हसायला लागले. जेवताना दोघी जावा वांग्यात चिंच किती असावी यावरून मोठमोठ्यानं वाद घालत होत्या. त्यांचे नवरे घाबरून एकमेकांकडे बघायला लागले, तर खाला म्हणाली, "तुम खाओ. हमारा चलता."

आई दुसऱ्या दिवशी निघणार होती, पण तिला आणखी तीन दिवस ठेवून घेतलं. तिघी आठवडी बाजारात जाऊन आल्या. मी शाळेत रुजू झालो. पोरांनी माझ्या नाकावरचे डाग मोजले. त्या आठवड्यात मी विषाणूचा धडा पुन्हा घेतला. सगळं तेच सांगितलं, फक्त ठासून सांगितलं नाही. आणि ज्यांच्या घरी कुणी आजारी आहे त्यांनी घरात काय काय पाळतात ते लिहून आणा, असं सांगितलं. इतका मन लावून केलेला गृहपाठ त्या वर्षात दुसरा आला नाही.

आईला सोडायला दोघी जावा स्टँडवर आल्या होत्या. दोघींनी वेगवेगळे डबे बांधून दिले. गाडी परतूरला पोचायच्या आतच आईचा फोन आला. ती खात होती.

"दोन्हीतबी मीठ बराबर हाय," ती म्हणाली. "पण तू आज जेवून घे पोटभर, लई वाळलास."